डीपी उडाली तर खांबावर चढणार कोण?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सीताबर्डीजवळच्या एका छोट्या सभागृहात नव्या कादंबरीवर गप्पांचा कार्यक्रम होता. लेखिका पुण्याची, कादंबरी मात्र नागपूरची. पुढच्या कुठल्याशा काळात इथलं ऊन इतकं चढलंय की चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत दिवसा घराबाहेर पडायला कायद्यानंच बंदी आहे. शहर रात्री जागतं. शाळा रात्री, कोर्ट रात्री, भाजीबाजार रात्री. सकाळी सातला भोंगा झाला की दारं बंद. कल्पना मला आवडली होती. पुस्तक वाचून, पेन्सिलीनं खुणा करून मी गेलो होतो.

मुलाखतकारांच्या हातातलं पुस्तक कोरं करकरीत होतं. बोलता बोलता त्यांनी ते मध्येच उघडलं, तर पानं सुटी होईनात. पहिला प्रश्न आला, ‘विज्ञानकथेकडे आपण कशा वळलात?’ दुसरा, ‘आपले आवडते शास्त्रज्ञ कोण?’ तिसरा, ‘या कादंबरीतून तरुण पिढीला काय संदेश द्याल?’ आणि चौथा, ज्याची मी वाटच पाहत होतो, ‘पण मला सांगा, हे खरंच असं होईल का?’ लेखिकेनं चारही उत्तरं चटाचट दिली. गावोगावी देऊन पाठ झाली असावीत. मग हवामानबदलावर वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत कादंबरीतल्या एकाही पात्राचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

शेवटी श्रोत्यांची पाळी आली. तिसऱ्या रांगेतले एक काका उठले. पांढरा सदरा, गळ्यात दुपट्टा. माईक नको म्हणाले, आवाज तसाही खणखणीत होता.

‘ताई, मी वीज मंडळात छत्तीस वर्षं काढली. तुम्ही म्हणता सारे दिवसा घरात झोपून राहतीन. मंग कूलर कवा चालतीन? दिवसाच ना जी? म्हंजे सारा लोड दिवसाच येईन. अन् भर दुपारी डीपी उडाली, तं खांबावर चढन कोन?’

सभागृहात हशा पिकला. मुलाखतकार ‘वा, फारच प्रॅक्टिकल’ म्हणून पुढच्या हाताकडे वळणार, तेवढ्यात लेखिकेनं त्यांना थांबवलं. क्षणभर ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘होता. दुसऱ्या खर्ड्यात लाइनमन होता. दोन प्रकरणं होती त्याची. गोष्ट रेंगाळते म्हणून काढून टाकली.’ त्यानंतर पंधरा मिनिटं ती जे बोलली, त्यासाठी मी घरून निघालो होतो, असं मला तेव्हा कळलं. त्या लाइनमनकडे दिवसा बाहेर पडायचा परवाना होता. वस्तीतल्या पोरांना त्या परवान्याचं भारी अप्रूप, सूर्य बघायला मिळतो म्हणून. बायकोला मात्र तो कागद फाडून चुलीत घालावासा वाटे. बंदीतून सूट मिळणं हा मान की शिक्षा, हा प्रश्न त्या दोन प्रकरणांत होता, आणि छापलेल्या पुस्तकात तो कुठेच नाही. ‘मी गोष्टीचा कणाच काढला की काय,’ असं ती जवळजवळ स्वतःशीच म्हणाली.

विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहिणाऱ्याशी नव्या पुस्तकाबद्दल बोलायचं, तर विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे असं माझं मत आहे. तुम्ही जगाचा जो नियम बदललात, त्याचा भार तुमच्या गोष्टीत कुणाच्या खांद्यावर पडतो? बाकी सगळे प्रश्न त्याच्या पोटात येतात. आपल्या सभागृहांत मात्र आपण या लेखकांना एक तर ज्योतिषी समजतो, नाही तर विज्ञानाचे मास्तर. दोन्ही समजुतींत पुस्तक बाजूला राहतं.

ज्योतिषाचं आधी बघू. ‘विज्ञानकथेनं सांगितलं ते खरं झालं’ हे पटवायला आपल्याकडे आर्थर सी. क्लार्क यांचं उदाहरण हमखास येतं. पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या उपग्रहांवरून संदेश पाठवता येतील हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ते कसं खरं ठरलं बघा. सांगितलं होतं हे अगदी खरं. पण ते १९४५ साली, ‘वायरलेस वर्ल्ड’ नावाच्या तांत्रिक मासिकातल्या लेखात, आकडेमोडीसकट. ती कथा नव्हतीच. दुसरं उदाहरण ज्यूल व्हर्नचं. १८६५च्या कादंबरीत त्यानं माणसं फ्लोरिडातून चंद्राकडे पाठवली आणि शंभरेक वर्षांनी अपोलो यानंही फ्लोरिडातूनच सुटली. टाळ्या! पण व्हर्ननं ती तोफेतून उडवली होती. बार निघाल्याबरोबर आतल्या तिघांचा चेंदामेंदा झाला असता. फ्लोरिडा आपण लक्षात ठेवतो आणि तोफ विसरतो. भविष्य सांगणाऱ्यांचा धंदा याच विसराळूपणावर चालतो, मग ते रामदासपेठेतल्या एसी ऑफिसात बसोत की फुटपाथवर पोपट घेऊन. तोफेचं गणित चुकूनही ती कादंबरी टिकली. युद्ध संपल्यानं रिकामे बसलेले तोफांचे शौकीन आता करायचं काय म्हणून चंद्रावर नेम धरतात, ही त्यातली खरी गंमत. त्याबद्दल व्हर्नला विचारायला मला आवडलं असतं.

मास्तरकीचं प्रकरण जरा नाजूक आहे, कारण तिथे आपल्यावर उपकार केलेली माणसं उभी आहेत. मराठीत विज्ञानकथा शतकभर जुनी आहे, पण तिला घराघरांत नेलं ते विज्ञानप्रसाराच्या चळवळीनं. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली निघाली. तिच्या कथास्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून हे नाव घेतलं होतं. परीक्षकांनी शास्त्रज्ञाला नव्हे, कथेला जोखावं एवढीच इच्छा. पण जगतापांचे नारळीकर झाल्यावर पुढे काय घडलं? त्यांच्या कथांवर बोलायला माणसं बसली की दहा मिनिटांत गाडी विश्वाच्या उत्पत्तीवर जायची. साहित्य अकादमीचा पुरस्कारही २०१४ साली मिळाला तो आत्मचरित्राला. विज्ञानकथा लिहिणारा माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष व्हायला चौऱ्याण्णवावं संमेलन उजाडावं लागलं, नाशिकचं, २०२१चं. आणि तेव्हा प्रकृतीमुळे ते मांडवात येऊ शकले नाहीत. २०२५च्या मे महिन्यात ते गेले. त्यानंतर मी जेवढे श्रद्धांजलीचे लेख वाचले, त्यांत शास्त्रज्ञ होता, देशभक्त होता, मुलांना पोस्टकार्डावर उत्तरं पाठवणारा साधा माणूस होता. त्यांच्या कथेतलं वाक्य कसं चालतं, शेवट कसा वळतो, हे सांगणारा लेख शोधावा लागला.

शास्त्रज्ञ-लेखकांचं ठीक आहे, ते निदान मानानं मास्तर होतात. ज्यांच्याकडे विज्ञानाची पदवी नाही त्यांचे हाल बघा. ‘तुमचं शिक्षण कशात?’ हा प्रश्न मी तीन वेगवेगळ्या कार्यक्रमांत ऐकलाय. ग्रामीण कादंबरी लिहिणाऱ्याकडे कुणी सातबारा मागत नाही. इतिहासावर लिहिणाऱ्याला तलवार चालवून दाखव म्हणत नाही. इथे मात्र बी.ए. झालेल्या पोरानं यंत्रमानवावर लिहिलं की त्याची तोंडी परीक्षा सुरू.

आणि अद्भुताकडे वळलात, तर दोन्हीकडून मार. नारायण धारपांसारखा विज्ञानकथा, अद्भुत आणि भय अशा तिन्ही वाटांनी जाणारा लेखक मराठीत होऊन गेला, पण त्यांचं नाव आपण रात्री पांघरुणात वाचायच्या कप्प्यात टाकून दिलं. आज कुणी राक्षस, यक्ष, बोलणारी झाडं घेऊन मोठ्यांसाठी कादंबरी लिहिली, तर सभेतला एक जण उठून विचारतो, ‘यानं अंधश्रद्धा वाढत नाही का?’ दुसरा विचारतो, ‘आमच्या देवतांना असं का दाखवलंत?’ नागपूर हे विवेकाच्या चळवळींचं गाव. दीक्षाभूमी इथली, अंधश्रद्धा निर्मूलनाचं कामही इथे जुनं आणि दणकट. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणूनच पहिला प्रश्न जास्त बोचतो. भोंदू बाबा चमत्कार घडला म्हणून सांगतो. अद्भुतकथेचा लेखक मुखपृष्ठावरच ‘कादंबरी’ असं छापून टाकतो. पहिल्याचं दुकान आपण शंका घेतली की बंद पडतं, दुसऱ्याचं शंका घेतली की रंगतं. दोघांना एका पंक्तीला बसवणं हा विवेक नव्हे.

‘हे खरंच असं होईल का?’ या प्रश्नाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात देखणं उत्तर आपल्या अंगणात आहे. नागपूरहून तासाभराच्या वाटेवर रामटेक. ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे हाच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. इतर विद्वानांची इतर मतं आहेत, असू देत. आषाढाच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे कुणी ना कुणी तिथे जाऊन श्लोक म्हणतोच. तर पाचवा श्लोक काढून बघा. धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचा नुसता गोळा म्हणजे ढग. तो कुठे, आणि धडधाकट इंद्रियांच्या प्राण्यांनी न्यायचे निरोप कुठे? असं खुद्द कालिदासच विचारतो. आमच्या मुलाखतकारांचं ‘हे खरंच असं होईल का?’ त्यानं दीड हजार वर्षांपूर्वी स्वतःच विचारून ठेवलंय, तेही ढगाचं त्या काळचं रसायन सांगून. आणि उत्तर देतो की प्रेमानं व्याकुळ झालेल्याला सचेतन काय, अचेतन काय, हा भेद उरत नाही. संपलं. एका ओळीत त्यानं नियम मोडायची परवानगी मिळवली.

खरी कारागिरी त्याच्या पुढे आहे. एकदा नियम मोडल्यावर तो पुन्हा लबाडी करत नाही. ढगाला वाट सांगायची तर नीट सांगतो: आम्रकूट, मग विंध्याच्या पायथ्याशी विखुरलेली रेवा, म्हणजे नर्मदा, मग विदिशा, जरा वाकडी वाट पडली तरी उज्जयिनी. थकलास की डोंगरमाथ्यावर पाय टेक. पाणी टाकून हलका झालास की नद्यांचं हलकं पाणी पी. ढगाला थकवा येतो, ढगाला तहान लागते! निरोप नेणाऱ्या ढगाचा ‘लोड’ कालिदासानं मोजला होता. आमच्या वीज मंडळाच्या काकांनी त्या संध्याकाळी विचारलं ते याच जातीचं होतं. कालिदासानं त्यांना व्यासपीठावर बोलावून शेजारी बसवलं असतं, अशी माझी खात्री आहे.

असल्या बोलण्यातून नुसती करमणूक होत नाही, साहित्य घडतं. आयझॅक आसिमोव्ह यांचे यंत्रमानवाचे तीन नियम आज शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. ते जन्मले गप्पांतून. २३ डिसेंबर १९४० रोजी आसिमोव्ह आपले संपादक जॉन कॅम्पबेल यांच्यापुढे एका नव्या कथेची कल्पना मांडत बसले होते. वय वर्षं वीस. बोलता बोलता कॅम्पबेलनी ते तीन नियम मांडून दाखवले. आसिमोव्ह जन्मभर म्हणत राहिले की नियम कॅम्पबेलचे. कॅम्पबेल म्हणायचे, छे, तुझ्याच कथांत होते, मी फक्त वेचून काढले. कोण खरं बोलतंय हे महत्त्वाचं नाही. लेखकाच्या जगात नियम असतो आणि लेखकालाच तो नीट दिसलेला नसतो. दुसऱ्यानं बोट ठेवलं की दिसतो. मराठी लेखकाला असा हस्तलिखितावर बसून भांडणारा संपादक आता क्वचित मिळतो. ते काम उरलंय ते वाचकांकडे, आणि वाचक-लेखकाची गाठ पडते ती अशा गप्पांत. तिथेही आपण शाल, श्रीफळ आणि संदेश.

माझे एक जुने मित्र या सगळ्यावर नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं, पुस्तकानं स्वतः बोलावं, लेखकानं गप्प बसावं. नव्या पुस्तकावरच्या मुलाखती म्हणजे विक्रीचा तमाशा. यातलं दुसरं पुष्कळदा खरं असतं. लेखकाला प्रवासखर्च देणारा प्रकाशक दाराशी टेबल मांडून बसलेला असतो, आणि मुलाखतकारही बहुधा त्याच्याच ओळखीचा. पहिल्याशीही माझं फार भांडण नाही, कवितेबाबत तर अजिबात नाही. पण नवं जग रचणाऱ्या पुस्तकाचं जरा वेगळं असतं. लेखकाच्या टेबलावर नकाशे असतात, वंशावळी असतात, फेकून दिलेली प्रकरणं असतात. छापून येतं ते हिमनगाचं टोकसुद्धा नसतं कधीकधी. गावात नवीन माणूस आला की आपण त्याच्या घराबद्दल विचारतोच ना, तसं हे. आणि तमाशा तर तमाशा, पण मग वग तरी नीट रंगू द्या.

त्यासाठी फार काही लागत नाही. मुलाखत घेणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं असावं, ही अट मी लाजत लाजत लिहितोय. शेवट फोडू नये म्हणून पुस्तकाबद्दल बोलायचंच नाही, हा बहाणा सोडावा. पहिल्या तीस-चाळीस पानांत जगाचा नियम आलेला असतो आणि त्यावर तासभर बोलता येतं. आणि पहिल्या रांगेत फक्त साहित्यिक बसवू नयेत. नागपुरात ‘नीरी’ आहे, १९५८पासून पाण्या-हवेवर काम करणारी संस्था. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत राबलेली माणसं घरोघरी आहेत, पेंचच्या जंगलात वाटाड्याचं काम करणारी पोरं आहेत, गांधीसागरापलीकडे रमण विज्ञान केंद्र आहे. पाण्यासाठी लढाया होणारी कादंबरी आली तर टँकरवाल्याला बोलवा. तो लेखकाला जे विचारेल ते कुठल्याही प्राध्यापकाला सुचणार नाही.

२०२० सालच्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं होतं, आठवतं? पाणी आटलं, खारटपणा वाढला, मिठात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले, असं कारण निघालं. कारण कळलं आणि विषय मिटला. पण त्या आठवड्यात काठावरच्या देवळांतल्या पुजाऱ्याला काय वाटलं असेल, गुराख्यानं गुरं पाण्याजवळ नेली असतील की नाही, फोटो काढायला आलेल्यांना चहा विकणाऱ्यानं कोणती गोष्ट रचून सांगितली असेल? विज्ञानकथा तिथून सुरू होते, कारण कळल्यानंतर. यावर अजून मराठीत कुणी कादंबरी लिहिली असेल तर माझ्या वाचनात नाही. लिहिली की तिच्यावरच्या गप्पा मेहकरच्या बसस्टँडजवळच्या एखाद्या हॉलमध्ये व्हाव्यात अशी माझी फर्माईश आहे.

एक भाषेचंही विचारायचं राहतं नेहमी. मराठी कथांमध्ये परग्रहावरून आलेला पाहुणा यानातून उतरल्या उतरल्या सदाशिव पेठेतली मराठी बोलतो. का? लाखो मैल ओलांडून आलेल्याला वऱ्हाडी शिकायला काय झालं? हा विनोद वाटेल, पण ‘तुमच्या भविष्यकाळात कोणती मराठी उरलीय?’ हा प्रश्न मी त्या लेखिकेसाठी खिशात ठेवला होता. तिच्या कादंबरीतलं रात्रीचं नागपूर अतिशय शुद्ध बोलतं. पानठेल्यावरचा माणूसही ‘कृपया’ म्हणतो. एवढं ऊन वाढल्यावर माणसं एकमेकांना कृपया म्हणतील, हे मला तिच्या सगळ्या विज्ञानापेक्षा जास्त अशक्य वाटलं होतं.

तो प्रश्न मी विचारलाच नाही, कारण वेळ काकांनी खाल्ली आणि बरंच झालं. कार्यक्रम संपल्यावर खाली चहाच्या टपरीवर ते दोघं उभे होते. काकांनी निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर खांब काढला होता, त्यावर डीपीची पेटी, पेटीतले तीन फ्यूज. ‘फ्यूज टाकतानी पहिले खालून फोन करा लागते, सप्लाय बंद आहे का इचारा लागते. अन् तरी बी हात लावाच्या आधी मी एकदा देवाचं नाव घेत होतो,’ ते सांगत होते. ‘अन् त्या टाइमले लोखंड असं तापते ना ताई, का हातमोज्यातून चटका बसते.’ लेखिकेच्या हातातला कप निवून गेला होता. जिन्यावरून आयोजक हाका मारत होते, फोटो राहिलाय, पाहुणे खोळंबलेत. ‘आलेच हं,’ ती म्हणाली, आणि पत्रिका काकांपुढे सरकवून तिनं विचारलं, ‘मग चढताना पायात काय घालायचात?’